डार्टमूरचे लांबघर : वास्तू, शब्द आणि पुरावा

(१)

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे ग्रॅनाइटचे पठार आहे. त्याचा सर्वोच्च माथा ६२१ मीटर उंचीचा असून तेथे पाऊस भरपूर, वारा जवळजवळ अखंड आणि माती उथळ व आम्लधर्मी आहे. ह्या पठाराच्या कडेने, ओढ्यांच्या खोऱ्यांत आणि टेकड्यांच्या आडोशाला, मध्ययुगात उभारलेली काही दगडी शेतघरे आजही उभी आहेत. त्यांची रचना थोडक्यात सांगता येते : एकाच लांब छपराखाली चढाच्या अंगास माणसांच्या खोल्या, उताराच्या अंगास गुरांचा गोठा, आणि ह्या दोहोंच्या मधून घराला आरपार छेदणारा एक आडवा बोळ. अभ्यासकांनी ह्या घरांना ‘लाँगहाउस’ हे नाव दिले आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘लांबघर’ हा शब्द योजिला आहे.

प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र होय, वास्तुविद्या नव्हे. तथापि ह्या घरांविषयीचे संशोधन वाचीत असता एक गोष्ट ध्यानात आली. ती अशी की, ह्या घरांच्या इतिहासात दगडांनी जितके प्रश्न उभे केले, त्याहून कमी प्रश्न त्यांच्या नावाने उभे केलेले नाहीत. घराचे नाव त्याच्या लांबीवरून पडले. परंतु घराचे मर्म लांबीत नाही, ते एका छपराखालच्या सहवासात आणि मधल्या बोळात आहे. ज्या गुणावरून नाव पडले तो गुण गौण, आणि जो गुण मुख्य तो नावात नाही, अशी स्थिती झाली म्हणजे संशोधनात कोणते घोटाळे होतात, आणि ते निस्तरण्यास शेवटी कोणता पुरावा उपयोगी पडतो, हे ह्या एका उदाहरणावरून दाखविण्याचा येथे हेतू आहे.

(२)

प्रथम वास्तूचा विचार करू. डार्टमूरच्या पृष्ठभागावर ग्रॅनाइटचे सुटे धोंडे सर्वत्र विखुरलेले आहेत. ह्या दगडास तेथे ‘मूरस्टोन’ म्हणतात. खाणीतून ग्रॅनाइट काढण्याचा उद्योग तेथे एकोणिसाव्या शतकात वाढला; त्यापूर्वी घर बांधणारा शेतकरी हे उघड्यावरचे धोंडेच वापरीत असे. ग्रॅनाइट अतिशय कठीण असल्यामुळे तो घडविणे हे कष्टाचे व खर्चाचे काम होते. म्हणून भिंतीच्या पायथ्याशी मोठे, जवळजवळ अनघड धोंडे, त्यांवर लहान दगड, आणि घडीव दगड मुख्यतः दारांच्या चौकटींस, असा प्रकार सामान्यतः दिसतो. छप्पर गवताने शाकारलेले असे. त्याचा भार लाकडी कमानींच्या जोड्यांवर तोललेला असे. ह्या कमानीचा प्रत्येक बाहू एक उभे आणि एक तिरके अशी दोन लाकडे सांधून करण्याची रीत नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये विशेष रूढ होती.

आता घराच्या बैठकीकडे पाहावे. डोंगरउतारावर घर बांधावयाचे झाल्यास ते उताराला आडवे, म्हणजे एकाच पातळीवर बांधणे हे श्रमाच्या दृष्टीने सोयीचे. लांबघर बांधणाऱ्यांनी बहुधा तसे केले नाही. त्यांनी घराची लांबी उताराच्या दिशेने ठेवली. वरचे टोक डोंगरात कोरून घुसविले आणि खालचे टोक मोकळे ठेवले. हा जादा खटाटोप कशासाठी, ह्याचे उत्तर खालच्या टोकाला असलेल्या गोठ्यात मिळते.

ह्या गोठ्याला डेव्हनमध्ये ‘शिपन’ म्हणतात. शिपनच्या दोन्ही लांब भिंतींकडे तोंडे करून गुरे बांधली जात. भिंतींच्या कडेने गव्हाणी आणि दावी अडकविण्यासाठी रोवलेले दगड किंवा खुंटे असत. गुरांच्या दोन रांगांची पाठ एकमेकींकडे होई, आणि त्या दोन रांगांच्या मधून, गोठ्याच्या बरोबर मध्यावर, दगडांनी बांधलेली एक नाली उताराच्या दिशेने जाई. नालीचे तोंड खालच्या टोकाच्या भिंतीत ठेवलेल्या भोकातून बाहेर निघे. खिडक्या नव्हत्या, हवेसाठी अरुंद झरोके होते. वर माळा असून त्यात वैरण साठविली जाई. नालीला उतार हवा, म्हणून गोठ्याला उतार हवा. आणि गोठा व घर एकाच छपराखाली असल्यामुळे सबंध घरालाच उतार हवा, असा हा हिशेब आहे. माणसांचे अंग वर आणि गुरांचे अंग खाली हा क्रमही त्यातूनच अपरिहार्यपणे निघतो. घराची दिशा, बैठक आणि खोल्यांचा क्रम ह्या तिन्ही गोष्टी एका नालीने ठरविल्या, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

बोळाच्या वरच्या अंगास मुख्य खोली, म्हणजे ‘हॉल’, आणि तिच्या पलीकडे एक लहान आतली खोली असे. बोळाला समोरासमोर दोन दारे असत. प्रारंभीच्या घरांत माणसे आणि गुरे ह्याच दारांनी आत येत. आत आल्यावर माणसे एका हाताला वळत आणि गुरे दुसऱ्या हाताला. उत्तर बोव्ही पॅरिशमधील लेटाफर्ड ह्या वाडीत ‘सँडर्स’ नावाचे इ. स. १५०० च्या सुमाराचे एक लांबघर आहे. त्यात ही सामाईक प्रवेशाची योजना आजही चांगली समजून घेता येते. वाइडकूम पॅरिशमधील ‘हायर अपाकॉट’ हे चौदाव्या शतकापर्यंत मागे जाणारे घर त्याहून महत्त्वाचे. त्याचे शिपन राहत्या खोलीत रूपांतरित झालेले नाही. डार्टमूर राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने हे घर विकत घेऊन जतन केले, ते मुख्यतः ह्याच कारणास्तव.

गुरांच्या अंगच्या उबेसाठी ही योजना केली गेली, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते सर्वस्वी त्याज्य नाही. परंतु मुख्य कारण म्हणून ते पटत नाही. गोठा आणि हॉल ह्यांच्या मधोमध, दोन्ही टोकांना दारे असलेला, म्हणजे वाऱ्याला मोकळा असा बोळ आहे. उबेसाठीच बांधणी करावयाची असती तर हा बोळ इतरत्र कोठेही चालला असता. हिवाळ्याच्या दीर्घ रात्री पावसात बाहेर न पडता गुरांना वैरण घालता यावी, व्यालेल्या गाईकडे लक्ष ठेवता यावे, आणि शेतासाठी खत एका ठिकाणी साठावे, हीच कारणे अधिक संभवनीय दिसतात. आम्लधर्मी, उथळ मातीत धान्य काढणाऱ्या शेतकऱ्याला खताचे मोल काय होते, हे निराळे सांगावयास नको.

(३)

ही घरे जशी बांधली गेली तशी राहिली नाहीत. त्यांचे परिवर्तन कसे झाले ह्याचा पहिला पुरावा छपरातील काजळी हा होय.

मूळच्या हॉलमध्ये धुराडे नव्हते. जमिनीच्या मध्यावर चूल पेटे आणि धूर उंच छपरात साठून गवतातून झिरपत बाहेर जाई. त्यामुळे आढे, वासे आणि गवताची आतली बाजू काळी होई. घराचे छपर आत शिरून तपासले असता काजळी कोठपर्यंत पसरली आहे, हे पाहून मूळच्या आडभिंती छपरापर्यंत पोहोचत होत्या की केवळ पुरुषभर उंचीच्या पडद्यासारख्या होत्या, ह्याचा निर्णय करता येतो. अनेक घरांत काजळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली आढळते. म्हणजे खाली खोल्या निरनिराळ्या असल्या तरी वर हवा एकच होती. खालचे वेगळेपण हे वापराचे होते. घर मात्र अखंड होते.

पुढील बदल सामान्यतः ह्या क्रमाने झाले. प्रथम आतल्या खोलीवर फळ्यांची जमीन घालून वर एक माडी काढली गेली. त्यानंतर हॉलमध्ये दगडी चूलखाना आणि धुराडे आले. डेव्हनमध्ये ते पुष्कळदा बोळाच्या बाजूस पाठ करून बांधलेले असते. धुराडे आल्यावर हॉलच्या उंच पोकळीचे प्रयोजन उरले नाही, म्हणून हॉलवरही माडी चढली, आणि तिच्यासाठी जिना आला. दर्शनी दारापुढे घडीव ग्रॅनाइटचा पोर्च आला. पुष्कळ घरांत शेवटी शिपनच्या भिंतीत गुरांसाठी स्वतंत्र दार फोडण्यात आले, आणि बोळ व शिपन ह्यांच्या मध्ये पक्की भिंत उभी राहिली. पाचशे वर्षांच्या अवधीत माणूस आणि गुरे ह्यांच्यामधील सीमा प्रथम पडद्याची, मग फळ्यांची, मग दगडाची झाली.

ह्या परिवर्तनाचा काळ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या प्रमाणात पडतो. एक्झेटर येथे जन्मलेले इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स ह्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात १५७० ते १६४० हा काळ ग्रामीण इंग्लंडच्या ‘महान पुनर्बांधणी’चा मानला. धान्याचे व पशुधनाचे भाव चढत होते, पुष्कळांचे खंड मात्र पूर्वीच्या दरानेच ठरलेले होते, आणि ह्या तफावतीतून शेतकऱ्याच्या हाती पैसा राहिला, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७७ मध्ये आर. मेचिन ह्यांनी तारखा कोरलेल्या घरांची गणना करून ह्या सिद्धान्ताची काटेकोर फेरतपासणी केली आणि पुनर्बांधणी एका लाटेची नसून अनेक लाटांची आहे, व तिचा जोर सतराव्या शतकाच्या अखेरीकडे अधिक आहे, असे दाखविले. हॉस्किन्स ह्यांच्या सीमारेषा आता कोणी जशाच्या तशा स्वीकारीत नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा आल्यावर त्याने तो धुराड्यात, माडीत आणि वेगळ्या दारात का घातला? केवळ पैसा हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. गुरांबरोबर एका दाराने आत जाणे ही गोष्ट ज्या पिढीला सहज वाटत होती, तिच्या नातवंडांना ती सहज वाटेनाशी झाली, हेही त्यात आले. असा बदल कागदपत्रांत क्वचितच नोंदला जातो. तो भिंतीत नोंदला गेला आहे.

(४)

आता शब्दांकडे वळू. लांबघराच्या निरनिराळ्या भागांची नावे ही स्वतंत्र साधने आहेत, आणि ती दगडापेक्षा जुनी आहेत.

‘शिपन’ हा शब्द प्राचीन इंग्रजीतील ‘स्किपेन’ ह्या शब्दापासून आला. त्याचा अर्थ गुरांचे छप्पर, गोठा. इंग्रजी ‘शॉप’ आणि जर्मन ‘शुप्पेन’ म्हणजे खोपट, हे त्याचे सगोत्र शब्द होत. बीड ह्या आठव्या शतकातील इतिहासकाराने व्हिटबीच्या मठातील कॅडमन नावाच्या गुराख्याची कथा दिली आहे. मेजवानीत वीणा आपल्यापर्यंत येत आहे असे पाहताच, गाता येत नाही म्हणून हा गुराखी उठून जाई. एके रात्री तो असाच गोठ्यात जाऊन निजला; स्वप्नात त्याला गाण्याची आज्ञा झाली आणि इंग्रजीतील नावाने ज्ञात असलेला पहिला कवी जन्मास आला. बीडच्या लॅटिन ग्रंथाच्या प्राचीन इंग्रजी भाषांतरात ह्या गोठ्यासाठी जो शब्द आहे, तो हाच.

‘बायर’ हा गोठ्यासाठी असलेला दुसरा इंग्रजी शब्द उत्तरेकडे व स्कॉटलंडमध्ये चालतो. त्याचे नाते प्राचीन इंग्रजीतील ‘बूर’ ह्या शब्दाशी आहे, आणि ‘बूर’ म्हणजे माणसाची राहण्याची खोली. दोहोंच्या मुळाशी ‘असणे, वसणे’ ह्या अर्थाचा जो धातू आहे, तोच संस्कृतातील ‘भू’ होय. अर्थात इंग्लिश शेतकऱ्याचा ‘बायर’ आणि आपले ‘भवन’ हे दूरचे आप्त ठरतात. तिसरा शब्द ‘टॅलेट’. शिपनवरील वैरणीच्या माळ्याला नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये हे नाव आहे. लॅटिन ‘ताबुलातुम’, म्हणजे फळ्यांची जमीन, ह्या शब्दाचे वेल्श रूप ‘ताव्लोद’ असे झाले. ‘टॅलेट’ त्याच मार्गाने इंग्रजीत उतरला असे मानतात. एका गोठ्याच्या खाली जर्मानिक शब्द आणि वर केल्टिक वाटेने आलेला लॅटिन शब्द, अशी ही स्थिती आहे.

येथे मराठी वाचकाला एक साम्य सहज आठवेल. आपला ‘गोठा’ संस्कृत ‘गोष्ठ’ ह्यापासून आला. ‘गोष्ठ’ म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. त्याच ‘गोष्ठ’ शब्दाशी संबद्ध असलेल्या ‘गोष्ठी’ ह्या शब्दाचा अर्थ सभा, संभाषण असा होऊन पुढे मराठीत ‘गोष्ट’ झाली. गोठ्यातून कथा निघाल्याची साक्ष आपल्या भाषेच्या व्युत्पत्तीत आहे आणि त्यांच्या वाङ्मयाच्या आख्यायिकेत आहे. ह्या साम्यातून कोणताही ऐतिहासिक संबंध काढावयाचा नाही. गुरे जेथे बांधली जातात तेथे माणसेही बसतात व बोलतात, एवढाच त्याचा अर्थ.

शब्दांची ही साक्ष मोलाची खरी, पण ती कोठे थांबते हेही पाहिले पाहिजे. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन ह्यांच्या नेतृत्वाखाली १९५० ते १९६१ ह्या काळात इंग्लंडमधील बोलींची जी पाहणी झाली, तीत ३१३ ठिकाणी प्रश्नावली विचारण्यात आली. तिचा पहिलाच भाग शेतघराविषयी होता आणि त्यात गोठ्याला काय म्हणता हा प्रश्न होता. ‘शिपन’ हे उत्तर एकीकडे लँकाशर-चेशरच्या बाजूस आणि दुसरीकडे दूर नैर्ऋत्येस डेव्हनच्या बाजूस मिळाले. मधल्या प्रदेशात इतर शब्द आहेत. एकच जुना शब्द परस्परांपासून दूर अशा दोन कडांना टिकून राहावा आणि मध्ये नवे शब्द यावेत, हे बोलीभूगोलाच्या अभ्यासकास परिचित असलेले चित्र आहे. शब्द एके काळी सर्वत्र होता, असे त्यावरून म्हणता येते. परंतु शिपन घराच्या छपराखाली होते की वेगळे होते, हे शब्द सांगत नाही. कॅडमन तर मेजवानीचे घर सोडून बाहेर पडला आणि मग गोठ्यात गेला. त्याचे शिपन वेगळे होते. शब्द वस्तूचे नाव सांगतो, वस्तूंमधील नाते सांगत नाही. ते नाते भिंत, दार आणि बोळ ह्यांतच सापडते. म्हणून केवळ शब्दांच्या आधारावर लांबघर प्राचीन इंग्रजी काळापर्यंत मागे नेणे हे शास्त्रशुद्ध होणार नाही.

(५)

भागांची नावे लोकांची आहेत. सबंध घराचे नाव मात्र विद्वानांचे आहे. आर. हॅन्सफर्ड वर्थ ह्यांनी १९३० च्या दशकात डार्टमूरच्या घरांचे बारकाईने वर्णन केले तेव्हा त्यांना ‘डार्टमूरचे घर’ एवढेच नाव पुरेसे वाटले. ‘लाँगहाउस’ हे नाव वेल्श भाषेतील ‘ती हिर’, म्हणजे ‘लांब घर’, ह्याचे भाषांतर होय. योर्वर्थ पीट ह्यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेल्श घरांवरील ग्रंथामुळे ते अभ्यासकांत रूढ झाले. पीट ह्यांची व्याख्या काटेकोर होती : घर आणि गोठा एका छपराखाली, आणि दोहोंमध्ये आतून वाट. ह्या घराकडे वेल्श लोकपरंपरेचा वारसा म्हणून पाहण्याकडे त्यांचा कल होता. तथापि नाव एकदा चलनात आले की ते व्याख्या मागे ठेवून पुढे जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये ओसाड पडलेल्या मध्ययुगीन खेड्यांच्या उत्खननास जोर आला. यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी येथे मॉरिस बेरसफर्ड आणि जॉन हर्स्ट ह्यांनी १९५० च्या दशकापासून दीर्घकाळ काम केले. हर्स्ट ह्यांनी मध्ययुगीन शेतकऱ्यांच्या घरांचे तीन वर्ग केले : झोपडे, लांबघर आणि इमारती वेगवेगळ्या असलेले शेतघर. वर्गीकरण उपयुक्त होते. परंतु जमिनीखाली जे सापडते ते पुष्कळदा केवळ दगडांच्या एका लांब आयताकृती रेषेइतकेच असते. अशा आयतास ‘लांबघर’ म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक होते, कारण नावात लांबीच होती. आयत लांब आहे हे डोळ्यांस दिसते. त्याच्या खालच्या अंगास गुरे होती हे दिसत नाही, ते सिद्ध करावे लागते. नाली, गव्हाण किंवा दाव्याचे दगड ह्यांपैकी काहीही न सापडलेल्या घरांसही हे नाव लागले, आणि पुढील पिढीतील संशोधकांना त्यांपैकी अनेकांचा पुनर्विचार करावा लागला.

उलट बाजूचे उदाहरणही देता येईल. यॉर्कशरच्या पश्चिम भागात ‘लेथ-हाउस’ नावाची दगडी शेतघरे आहेत. ती मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील. ‘लेथ’ म्हणजे धान्याचे कोठार. हा शब्द प्राचीन नॉर्समधून आला. येथेही घर, कोठार आणि गुरे एका लांब छपराखाली आहेत. लांबीचाच निकष लावला तर ह्यांना लांबघर म्हणावे लागेल. परंतु घराचा आणि कोठाराचा दरवाजा वेगळा, आणि दोहोंमध्ये सहसा आतून वाट नाही. बाहेरून जुळी दिसणारी ही दोन घरे राहण्याच्या दोन भिन्न पद्धती दाखवितात.

जर्मन अभ्यासकांनी ह्याच वस्तूस दिलेले नाव येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ते तिला ‘वोनश्टालहाउस’ म्हणतात. म्हणजे राहणे, गोठा आणि घर ह्या तीन पदांचा समास. त्यात लांबीचा उल्लेखही नाही, सहवास आहे. ह्या नावाने काम करणाऱ्या उत्खनकाचा पहिला प्रश्न साहजिकच गोठा कोठे आहे हा होतो. नेदरलँड्समधील एझिंगे येथे फान खिफेन ह्यांनी १९३० च्या दशकात, आणि जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील फेडर्सन वीर्डे येथे हार्नागेल ह्यांनी १९५५ ते १९६३ ह्या काळात केलेल्या उत्खननांत, ओल्या मातीमुळे गुरांच्या ठाणांमधील कूडसुद्धा टिकून राहिलेले सापडले. ती घरे लाकडाची असून इसवी सनाच्या मागील-पुढील शतकांतील आहेत. माणसे आणि गुरे एका छपराखाली ठेवण्याची रीत कोणा एका वंशाची किंवा भाषिक समूहाची नव्हे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ‘केल्टिक वारसा’ ही कल्पना डार्टमूरवर लादण्याची गरज उरली नाही.

खुद्द डार्टमूरवर ह्या वादाचा निकाल पाहावयाचा असेल तर हाउंड टॉरच्या पायथ्याशी असलेल्या ओसाड वाडीकडे गेले पाहिजे. श्रीमती मेरी मिंटर ह्यांनी १९६१ पासून येथे व आसपासच्या दोन स्थळी उत्खनन केले. त्यांच्या निधनानंतर गाय बेरसफर्ड ह्यांनी १९७९ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. येथे चार लांबघरे, काही लहान घरे आणि धान्य वाळविण्याच्या भट्ट्या असलेली तीन कोठारे उघडकीस आली. लांबघरांत बोळाखाली गोठा आणि गोठ्याच्या मध्यातून नाली आहे. येथे ‘लांबघर’ हे नाव नालीच्या आधारावर उभे आहे. परंतु दगडी भिंतींखाली जी खुंटांची भोके सापडली, त्यांवरून मिंटर व बेरसफर्ड ह्यांनी मातीच्या ढेकळांच्या जुन्या घरांची एक मालिकाच कल्पिली आणि वाडीचा प्रारंभ नॉर्मन विजयापूर्वी नेला. १९८५ मध्ये डेव्हिड ऑस्टिन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या भोकांची फेरतपासणी करून हा अर्थ अमान्य केला. सापडलेली खापरे मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकांतील होती. जे दिसत होते त्यावर विसंबून राहिलेला निष्कर्ष टिकला. जे असावे असे वाटत होते त्यावर उभारलेला कोसळला.

(६)

ह्या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो ‘लांबघर’ हे नाव टाकून द्यावे असा नाही. रूढ झालेले नाव बदलणे अशक्यप्राय असते, आणि नवे नाव नवे घोटाळे घेऊन येते. शिवाय ह्याच नावाने बोर्निओतील, उत्तर अमेरिकेतील इरोक्वा लोकांची आणि नवाश्मयुगीन युरोपातील सर्वस्वी निराळी घरे ओळखली जातात. तेथे हे नाव अनेक कुटुंबांच्या एकत्र वसतीचे किंवा केवळ आकाराचे द्योतक आहे. आवश्यक आहे ते एवढेच की, नाव वापरताना त्याच्या मागे कोणता पुरावा उभा आहे हे प्रत्येक वेळी विचारावे. डार्टमूरच्या घराच्या बाबतीत तो पुरावा पोर्चवरील नक्षीत नाही, धुराड्याच्या घडीव दगडांत नाही, लांबीतही नाही. तो गोठ्याच्या मध्यातून जाणाऱ्या नालीत आणि टोकाच्या भिंतीतील भोकात आहे. घरातील सर्वांत हीन समजली जाणारी वस्तू ही इतिहासाची सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ठरली आहे.

आणि नेमकी हीच वस्तू सर्वांत आधी नाहीशी होते. विसाव्या शतकात गुरे वेगळ्या गोठ्यांत गेली, पुष्कळ शिपने दिवाणखाने झाली. नवीन जमीन घालताना नाली बुजते, झरोक्यांच्या खिडक्या होतात, दाव्यांचे दगड काढून बागेत मांडले जातात. पोर्च मात्र जपला जातो, कारण तो सुंदर आहे. घर जतन झाले असे सर्वांस वाटते. वस्तुतः ते लांबघर होते ह्याचा पुरावा तेवढा गेलेला असतो. हायर अपाकॉटसारख्या थोड्या घरांचे महत्त्व त्यांच्या वयापेक्षा ह्या कारणाने अधिक आहे.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी जुन्या घरांची किंवा बोलींची पाहणी करतात, त्यांना ह्या परदेशी उदाहरणातून एक व्यावहारिक सूचना मिळते. गव्हाण, दावण, पडवी, माळा असे शब्द आपण कोशासाठी टिपून घेतो, आणि घराचा आराखडा दुसरा कोणी काढतो. दोन्ही कागद दोन निरनिराळ्या कपाटांत राहतात. शब्द जेथे उच्चारला जातो ती जागा आराखड्यावर खूण करून दाखविली, दार कोणत्या बाजूस उघडते आणि पाणी कोणत्या बाजूस वाहते हे त्याच्या शेजारी लिहिले, तर त्या दोन कागदांचा एक दस्तऐवज होतो. डार्टमूरच्या अभ्यासकांना हा धडा अर्ध्या शतकाच्या वादानंतर मिळाला. नाव सुचण्यापूर्वी नाली पाहावी, एवढेच त्याचे सार आहे.